यंत्र स्वदेशी, मेंदू परका

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचे डोळे ज्या मोसमी पावसाच्या अंदाजाकडे लागलेले असतात, त्याचे गणित पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणकावर मांडले जाते. तेथे २०१८ साली दाखल झालेला ‘प्रत्यूष’ इंटेलच्या प्रोसेसरवर चाले. २०२४ सालचा ‘अर्क’ एएमडीच्या प्रोसेसरवर चालतो. दोन्ही कंपन्या अमेरिकेच्या!

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. त्या पराक्रमाला तोड नाही. परंतु त्याचा प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा होता आणि काही वर्षांतच तो वंशच खुंटला. पुढे १९९८ च्या ‘परम १००००’ साठी सनचा, ‘परम पद्म’साठी आयबीएमचा, तर २००८ च्या ‘परम युवा’साठी इंटेलचा आश्रय घ्यावा लागला.

प्रत्येक प्रोसेसर-घराण्याचा आज्ञासंच वेगळा असतो. एका घराण्यासाठी सिद्ध केलेली आज्ञावली दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही. म्हणूनच सर्व्हर बनविणारा किंमत, विजेचा खर्च आणि तयार आज्ञावली पाहून रूढ वाटेनेच जातो. त्यात व्यवहार आहे. पण परावलंबनही आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे राष्ट्रार्पण झाले. त्यांचे सर्व्हर सी-डॅकने घडविले, प्रोसेसर मात्र इंटेलचाच. दुसरी वाट ‘आर्म’ची, तेथे परवाना परक्यांचा. तिसरी ‘रिस्क-फाइव्ह’ची, हा आज्ञासंच सर्वांना खुला आहे. सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. परंतु महासंगणकाचा भार पेलण्याइतके ते अद्याप समर्थ नाहीत. आज्ञासंच खुला झाला म्हणून चिप आपोआप तयार होत नाही, हेही विसरून चालणार नाही.

स्वदेशीचा अर्थ उद्याच इंटेलला निरोप देणे असा नव्हे. तथापि, सरकारी पैशातून लिहिली जाणारी प्रत्येक आज्ञावली एकाहून अधिक घराण्यांवर चालेल, अशी अट घालण्यास कोणाची हरकत असावी? आणि लहान कामांचे सर्व्हर खरेदी करताना भारतीय प्रोसेसरला पहिली संधी का मिळू नये? ग्राहकच नसेल, तर देशी चिप प्रयोगशाळेतच वृद्ध होईल. नकाराने ‘परम’ जन्माला घातला. पुढच्या नकाराची वाट पाहत बसणे राष्ट्राला परवडणारे नाही.