दोन इंच जागेचा प्रश्न

वार्षिकांकासाठी लेख द्यायचा ठरल्यावर मराठीच्या सरांनी मला विषय विचारला. मी म्हटले, "रेडिएटर." सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "लिही. पण आपल्या मुलांना समजेल असं लिही." ही अट मला मान्य आहे, कारण मीही कला शाखेचाच विद्यार्थी. यंत्रशास्त्राचे माझे सारे शिक्षण मामांच्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवसांत, पाने पुसून हातात देण्याच्या पदावर राहून झालेले आहे. तेव्हा या लेखात चूक आढळल्यास ती माझी समजावी आणि बरे काही आढळल्यास ते मामांचे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. बोनेटखाली जागा व्हावी म्हणून गाडीचा रेडिएटर त्याच्या मूळ बैठकीवरून हलवण्याला माझा विरोध नाही. गरज असेल तर तो अवश्य हलवावा. मात्र हलवणाऱ्याने परतीची वाट मोकळी ठेवावी आणि आपण काय केले ते लिहून ठेवावे. ही दोन कर्तव्ये पाळली नाहीत तर काय होते, ते आमच्या घराने भोगले आहे.

प्रथम थोडी ओळख. इंजिनात इंधन जळते तेव्हा प्रचंड उष्णता निर्माण होते. ती वाहून नेण्यासाठी इंजिनाभोवती पाणी फिरवतात आणि ते तापलेले पाणी पुढच्या बाजूला असलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून सोडतात. नळ्यांना पातळ पत्र्याच्या पापुद्र्यांची जाळी असते. तिच्यातून वारा गेला की पाणी निवते आणि परत इंजिनात जाते. गाडी वेगात असताना वारा आपोआप मिळतो. घाटात मात्र गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, इंजिन जोरात फिरते आणि वारा जवळजवळ नसतो. त्या वेळी सारी भिस्त रेडिएटरमागच्या पंख्यावर असते. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये साधारण इंचभर जागा ठेवलेली असते. इंजिन रबरी पायांवर बसवलेले असल्यामुळे ते हलते, जोरात ब्रेक दाबला तर किंचित पुढेही येते. जागा कमी पडली तर पाती जाळीत घुसतात. जागा फार झाली तर पंखा समोरचा थंड वारा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. असे होऊ नये म्हणून पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवतात आणि पाती निम्मीशी त्या कड्याच्या आत राहतील असे पाहतात. बोनेट उघडल्यावर आपल्याला जी 'रिकामी' जागा दिसते ती खरोखर रिकामी नसते. काही ठिकाणी ती वाऱ्याची असते, काही ठिकाणी हलणाऱ्या इंजिनाची, आणि काही ठिकाणी पाना धरलेल्या मिस्त्रीच्या हाताची.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. तिचा मूळ नमुना अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ साली बाजारात आणला आणि पुढे महिंद्राने तो भारतात वर्षानुवर्षे बनवला. या गाडीचे बोनेट तिच्या आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. कारण गमतीचे आहे. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते, ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून कंपनीने बोनेट आणि पुढची जाळी दोन्ही उंच केली. म्हणजे जागेचा प्रश्न गाडी बनवणाऱ्यांनाही सुटलेला नाही. तो त्यांनी आराखडा काढून सोडवला एवढेच.

तात्यांनी ती घेतली त्याआधीच्या मालकाने तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले होते. आपल्याकडे असे फेरफार फार झाले, कारण डिझेल अनेक वर्षे पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते. नव्या इंजिनाची आणि इंधनाची रीतसर नोंद पुस्तकात होती, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नव्हता. परंतु नवे इंजिन लांबीला जास्त. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटही शिरेना. तेव्हा कोणा मिस्त्रीने रेडिएटरची मूळ बैठक कापून काढली, तो दोन इंच पुढे सरकवला आणि लोखंडी अँगल चासीला वेल्डिंग करून त्यावर कायमचा बसवून टाकला. खालचे रबर गेले. पंख्याभोवतीचे कडे आता बसेना म्हणून तेही फेकून दिले. हे सारे आम्हांला पुढे कळले. गाडी घेताना तात्यांनी टायर पाहिले, हॉर्न वाजवला आणि व्यवहार केला.

वर्षभरात रेडिएटर तीनदा गळला. तिन्ही वेळा तो उतरवून त्याला डाख दिला. दरवेळी निराळ्या दुकानात, आणि दरवेळी निदान एकच, "रेडिएटर जुना झालाय, नवा टाका." तो कशावर बसवला आहे हे खाली वाकून कोणी पाहिले नाही. आम्हीही नाही.

मग तो मे महिना आला. चिपळूणकडचे लग्न आटोपून आम्ही कुंभार्ली घाट चढत होतो. मागे आजी, दोन आत्या आणि आहेराची गाठोडी. निम्म्या घाटात गाडी उकळली. बोनेटमधून वाफ येऊ लागली तशी आजी घाबरून देवाचे नाव घेऊ लागली. म्हातारीला उन्हात किती वेळ बसवणार, या घाईत तात्यांनी फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. हे झाकण पाण्यावर दाब ठेवते. सात पौंडी झाकणाखाली पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते सारे पाणी एकदम उसळते. तात्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या वर्षीची पेरणी त्यांनी बांधावर उभे राहून, दुसऱ्याच्या हातून झालेली पाहिली. जो माणूस पाभरीला कोणाला हात लावू देत नसे, त्याला तसे उभे असलेले पाहणे मला फार जड गेले.

तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, हे तात्यांना माहीत नव्हते असे नाही. चूक त्यांची होतीच. पण गाडी तापली का, हा प्रश्न त्याने संपत नाही. गाडी ओढून मामांच्या गॅरेजवर आणली. मामांनी त्यात दोन दिवस घातले. त्यातला खरा दुरुस्तीचा वेळ अर्ध्या दिवसाचा. बाकीचा सगळा वेळ आधीच्या माणसाने काय केले असावे, याचा तर्क करण्यात गेला. मूळ बैठक कापलेली, त्यामुळे रेडिएटर आधी नेमका कोठे होता हे कळायला मार्ग नाही. अखेर शेजारच्या गावातली त्याच जातीची जीप शोधून मामांनी तिची मापे घेतली. तेव्हा उलगडा झाला. उंचसखल रस्त्यावर जीपची चासी पिळवटते. रबर असते तर तो पीळ रबराने सोसला असता. रबर नसल्यामुळे तो सरळ रेडिएटरच्या पितळी टाकीच्या सांध्यात जात होता आणि डाख फुटत होता. शिवाय पंखा लांब राहून कडेही गेलेले, म्हणून घाटात वारा मिळत नव्हता. आणि सगळ्यांत खेदाची गोष्ट म्हणजे दोन इंचांची गरजच नव्हती. सव्वा इंच पुरला असता.

मामा म्हणाले, "गड्यानं काम वाईट न्हाई केलं. वेल्डिंग बघ कसं सरळ हाय. पर आपल्या मागनं ह्या गाडीला कोण हात लावणार, ह्याचा इचार न्हाई केला."

मामांनी वेल्डिंग तोडले. चासीला आधीपासून असलेल्या भोकांत नट-बोल्टांनी बसतील अशी दोन ब्रॅकेटे केली, त्यांवर रबराच्या गाद्या ठेवल्या, रेडिएटरला वरून धरणारे गज सव्वा इंचाने वाढवले आणि पत्र्याचे नवे कडे घडवले. पाणी भरायचे तोंड सर्वांत उंच राहील, म्हणजे आत हवा अडकणार नाही, हेही पाहिले. उद्या कोणी मूळ इंजिन परत बसवू म्हटले तर चार बोल्ट काढले की झाले. नंतर ते मला म्हणाले, "भाचेबुवा, एवढं शिकताय तर एक काम करा. काय काय केलं ते लिहून काढा." मी वहीच्या दोन पानांवर मापे, बोल्टांचे आकार आणि तारीख लिहिली. ती वही पान्यांच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली आहे. मी आजवर जे लिहिले त्यात कोणाच्या उपयोगी पडेल असे तेवढेच.

यावर कोणी म्हणेल, "रेडिएटर मुळात हलवलाच कशाला? कंपनीने ठेवला तेथे ठेवावा." मला हे पटत नाही. १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या मिनी या गाडीचे उदाहरण घ्या. ॲलेक इसिगोनिस या आराखडाकाराने इंजिन आडवे बसवले, रेडिएटर समोरून काढून कडेला चाकाच्या बाजूला नेला आणि जेमतेम दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसांची सोय केली. रेडिएटरची जागा पवित्र मानली असती तर ती गाडी झालीच नसती. अर्थात त्या नव्या मांडणीत ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीमागे आला आणि जोराच्या पावसात भिजून गाडी बंद पडू लागली. जागा कोठे तरी मिळवली की कोठे तरी तिची किंमत द्यावी लागते. फरक एवढाच की तेथे काय कोठे हलवले हे आराखड्यावर होते, त्यामुळे पाणी कोठून शिरते हे शोधणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मिस्त्रीला लिहायला वेळ कोठे आहे? गिऱ्हाईक दारात उभे राहून "झालं का?" विचारत असते. मजुरी देताना ते लोखंडाचे, वेल्डिंगचे पैसे देते, पण लिहिण्याचे कोणी देत नाही. हे कबूल. म्हणूनच माझा रोख मिस्त्रींवर नसून आपल्यावर आहे. त्यांच्या गॅरेजमध्ये भाचे, पुतणे, मुले म्हणून आपण वावरतो. आपल्याला लिहिता येते. तरी त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देतो, आणि येथे येऊन लेखनकलेवर परिसंवाद भरवतो.

लिहून ठेवण्याचा हा धडा आपल्या शाखेला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पूर्ण केली. कोणता पाठ स्वीकारायचा हे त्या पंडितांनी ठरवले, पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणि परिशिष्टांत नोंदवले. उद्या कोणा अभ्यासकाला त्यांचा निर्णय चुकला असे वाटले तर तो तळाशी पाहून परत फिरू शकतो. बदल करण्याचा अधिकार त्यांनी बजावला आणि परतीची वाटही ठेवली. मामांनी हा ग्रंथ पाहिलेला नाही. तरी नट-बोल्टांवर बसवलेले ते ब्रॅकेट आणि पेटीतली ती वही मला त्याच जातीची वाटते.

तात्यांचा हात आता बरा आहे. त्वचा मात्र जागोजाग पांढरी राहिली आहे. गाडी गेल्या दोन उन्हाळ्यांत कुंभार्ली घाट न थांबता चढली. घाटमाथ्यावर आजी अजून विचारते, "पानी तापलं न्हवं?" मी नाही म्हणतो.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या घरातली एखादी फेरफार केलेली वस्तू पाहा. गाडी असो, मोटरपंप असो, पिठाची गिरणी असो. ज्याने ती बदलली त्याला तो हयात आहे तोवर विचारा आणि दोन ओळी लिहून त्या वस्तूजवळच ठेवा. त्या ओळींना बक्षीस मिळणार नाही आणि वार्षिकांकात त्या छापूनही येणार नाहीत. पण कधी तरी भर उन्हात, घाटात, कोणाचा तरी हात वाचेल.