क्रमांक घेतला, पण नाव लावले का?



तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची नोंद दोन वाटांनी सापडते, हे तुमच्यापैकी खेड्यातून आलेल्यांना ठाऊक असेल. आठ-अचा उतारा खातेदाराच्या नावाने निघतो. अमुक माणसाच्या खात्यावर कोणकोणते गट आहेत, हे तो सांगतो. सातबाराचा उतारा गट क्रमांकाने निघतो. अमुक क्रमांकाची जमीन कोणाची, हे तो सांगतो. एक उतारा नावावरून क्रमांकाकडे नेतो, दुसरा क्रमांकावरून नावाकडे. आठ-अ आहे ना, मग सातबारा कशाला हवा, असे कोणताही शहाणा शेतकरी म्हणणार नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आमच्या महाविद्यालयाने काही वर्षे नेमके तेच केले, आणि त्याची किंमत आमच्या विद्यार्थ्यांनी मोजली.

मी भौतिकी शिकवतो. परंतु लहान गावातील महाविद्यालयात ज्याला सोल्डरिंग येते त्याच्याच गळ्यात संगणकांचे जाळेही पडते, त्याप्रमाणे ते माझ्याकडे आले. महाविद्यालयाने स्वतःसाठी २५६ आयपी क्रमांकांचा एक गट घेतला होता आणि स्वतःचा ई-मेलचा सर्व्हरही चालू केला होता. एका वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांतील त्रुटी दुरुस्त करण्याची मुदत आम्ही विद्यार्थ्यांना ई-मेलने कळवली. बहुतेक पत्रे परत आली. परत आलेल्या प्रत्येक पत्रावर कारण स्वच्छ लिहिलेले होते: पाठवणाऱ्या यंत्राच्या क्रमांकाला नाव नाही. पण परत आलेली पत्रे जेथे साठत होती तेथे आमच्यापैकी कोणी डोकावलेच नाही. मुदत टळली. एका मुलीची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. चूक तिची नव्हती. एक अर्ज करायचा राहून गेला होता, आणि तो आम्ही करायचा होता.

तो अर्ज कशाचा, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक ३२ द्विमान अंकांचा असून तो ० ते २५५ मधील चार संख्यांनी लिहितात. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. हा क्रमांक मी मुद्दाम निवडला आहे. या गटातील क्रमांक २०१० मध्ये केवळ लेखांतील उदाहरणांसाठी राखून ठेवण्यात आले, त्यामुळे तो कोणाचाही नाही. माणसांना असे क्रमांक लक्षात राहत नाहीत, म्हणून यंत्रांना नावे देतात. अर्पानेट या अमेरिकन जाळ्याच्या काळात सर्व नावे आणि त्यांचे क्रमांक एकाच यादीत असत, आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. यादी एकच असल्यामुळे ती दोन्ही दिशांनी वाचता येई. नावासमोर क्रमांक पाहा, किंवा क्रमांकासमोर नाव पाहा, काम तेवढेच.

यंत्रे वाढली तेव्हा एका यादीत त्यांची नोंद ठेवणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नवी व्यवस्था मांडली. तिच्यात यादीचे तुकडे झाले. प्रत्येक संस्थेने आपापल्या नावांचा तुकडा आपल्याच सर्व्हरवर ठेवावा, आणि वरच्या पातळीवर फक्त 'या नावांची चौकशी अमक्याकडे करा' एवढेच लिहून ठेवावे, अशी ही रचना. अधिकार वाटून देण्याची ही कल्पना इतकी चांगली निघाली की आजही सर्व जग तिच्यावर चालते.

पण येथेच एक पेच आहे, तो ध्यानात घ्या. हे तुकडे नावांप्रमाणे पाडलेले आहेत. समजा तुमच्यापाशी फक्त क्रमांक आहे आणि त्यावरून नाव हवे आहे. कोणत्या तुकड्यात शोधणार? जगातील प्रत्येक सर्व्हरला विचारत हिंडावे लागेल! अशी उलटी विचारणा करण्याची एक सोय मूळ नियमांत होती. पण ती फारशी उपयोगी पडली नाही आणि २००२ मध्ये नियमांतून काढून टाकण्यात आली. खरा तोडगा वेगळाच होता: क्रमांकांसाठी नावांसारखेच दुसरे झाड उभे करायचे.

त्यासाठी एक साधी युक्ती केलेली आहे. पाकिटावरचा पत्ता आठवा. आपण आधी व्यक्तीचे नाव लिहितो, मग गल्ली, मग गाव, मग जिल्हा. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जातो. त्याच पाकिटावरचा पिनकोड मात्र मोठ्याकडून लहानाकडे जातो: पहिला अंक देशाच्या मोठ्या विभागाचा, शेवटचे तीन अंक एका टपाल कार्यालयाचे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे. यंत्रांची नावे पत्त्यासारखी असतात, सर्वांत मोठा भाग शेवटी. आणि क्रमांक पिनकोडसारखे असतात, सर्वांत मोठा भाग आधी. म्हणून क्रमांक उलटा लिहायचा आणि त्यापुढे 'इन-अ‍ॅडर डॉट आर्पा' हे ठरावीक शेपूट जोडायचे. आपल्या उदाहरणातील क्रमांक मग २५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा असा होतो. क्रमांकाचे रूपांतर नावात झाले! आता हे नाव नेहमीच्या रीतीने शोधता येते, आणि तेथे 'पीटीआर' नावाची नोंद ठेवलेली असेल तर तीत यंत्राचे खरे नाव मिळते. यालाच उलटा शोध म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. ही उलटी नोंद कोणी करायची? आमचा समज असा होता की महाविद्यालयाचे नाव आपण पैसे भरून घेतले आहे, तेव्हा त्याबरोबर सर्व काही आलेच. हा समज चुकीचा होता. नावांचे झाड वेगळे आणि क्रमांकांचे झाड वेगळे. नाव ज्याच्याकडून घेतले त्याचा क्रमांकांवर काहीही अधिकार नाही. क्रमांकांच्या झाडातील अधिकार क्रमांकांच्याच वाटेने खाली येतो. आशिया आणि प्रशांत महासागराच्या प्रदेशासाठी हे काम ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील एपीनिक ही संस्था पाहते, आणि भारतात २०१२ पासून इरिन ही राष्ट्रीय नोंदणीसंस्था पाहते. ज्याने गट घेतला त्याने या संस्थेकडे अर्ज करून उलट्या शोधाचा अधिकार आपल्या सर्व्हरकडे सोपवून घ्यायचा असतो. जमीन खरेदी केली तरी फेरफाराची नोंद होईपर्यंत सातबाऱ्यावर आपले नाव चढत नाही, तसाच हा प्रकार.

अर्ज अवघड नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. आधी दोन सर्व्हर तयार करायचे, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी, म्हणजे एका ठिकाणची वीज गेली तरी दुसरा उत्तर देईल. त्या दोघांवर ११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा या भागाची वही उघडायची आणि तीत यंत्रांच्या नोंदी लिहायच्या. दोन्ही सर्व्हर बरोबर उत्तर देतात, हे स्वतः तपासायचे. मग अर्जात तो भाग, दोन्ही सर्व्हरांची नावे आणि जबाबदार व्यक्तींचा संपर्क द्यायचा. गट खरोखर अर्जदाराचा आहे हे पाहून नोंदणीसंस्था वरच्या वहीत लिहिते: या क्रमांकांची चौकशी या दोघांकडे करावी. हे सोपवणे २५६ क्रमांकांच्या हिशेबाने होते, कारण ठिपक्यांनी पाडलेला शेवटचा तुकडा तेवढाच असतो. ४०९६ क्रमांक घेतले असतील तर असे १६ भाग नोंदवावे लागतात. आणि २५६ हून कमी क्रमांक असतील तर ज्या सेवादात्याकडून ते घेतले त्यालाच सांगावे लागते; त्याने आपल्या वहीतून तेवढेच क्रमांक कसे सोपवावेत, याची रीत १९९८ मध्ये ठरवून दिलेली आहे.

आम्ही पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा उतावीळपणा केला. सर्व्हर तयार होण्यापूर्वीच त्यांची नावे कळवून टाकली. परिणाम असा झाला की वरची वही लोकांना आमच्याकडे पाठवू लागली आणि आमच्याकडे उत्तर देणारे कोणी नव्हते. अशा नोंदीला जाणकार पांगळी नोंद म्हणतात. ती मुळीच नसण्यापेक्षा वाईट. नोंद नसेल तर विचारणाऱ्याला 'नाही' असे तत्काळ कळते. पांगळी असेल तर तो ताटकळत बसतो. आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकात लांबून प्रवेश करताना बराच वेळ काहीच का होत नाही, हे कोडे आम्हाला त्या आठवड्यात पडले होते. तो संगणक येणाऱ्याचे नाव विचारत थांबलेला असे.

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी येथे हात वर करील. "सर, नोंद लिहिणारा स्वतःच असेल, तर तो खोटे नाव का लिहिणार नाही?" प्रश्न रास्त आहे. आपल्या क्रमांकासमोर कोणीही दुसऱ्या संस्थेचे नाव लिहू शकतो, त्याला अडवणारे कोणी नाही. काही जुन्या संगणकप्रणाली अशा उलट्या नावावर विश्वास ठेवून आत घेत असत. त्यातून घुसखोरी कशी होऊ शकते, हे स्टीव्हन बेलोविन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. म्हणून उलटी नोंद हा पुरावा नव्हे, तो केवळ दावा आहे. दावा पडताळण्याची रीत मात्र सोपी आहे. क्रमांकावरून नाव काढा, मग त्या नावावरून पुन्हा क्रमांक काढा. दोन्ही जुळले तर नावाचा मालक आणि क्रमांकाचा मालक एकच गोष्ट सांगत आहेत. खोटे नाव लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या वहीत हात घालता येत नाही, म्हणून तो येथे सापडतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पत्रे पाठवणाऱ्या सर्वांना गूगलने नेमकी हीच अट घातली आहे: क्रमांकाला नाव हवे आणि ते नाव त्याच क्रमांकाकडे परत यायला हवे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. प्रत्येक क्रमांकाला नाव द्यायचे म्हणजे वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या संगणकाचे नाव जगाला सांगायचे काय? मुळीच नाही. जे यंत्र जगाशी संस्थेच्या नावाने बोलते, म्हणजे पत्रे पाठवते किंवा संकेतस्थळ चालवते, त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे. जो विद्यार्थी केवळ वाचायला आला आहे त्याच्या यंत्राला एखादे निनावी, क्रमवार नाव पुरे. त्याचे स्वतःचे नाव तेथे येता कामा नये. नव्या १२८ अंकी पद्धतीत तर क्रमांक इतके अफाट आहेत की प्रत्येकाला नाव देणे शक्यच नाही. तेथेही सर्व्हरांना नाव द्यावे, माणसांना नव्हे. दुकानावर पाटी असते, गिऱ्हाइकाच्या कपाळावर नसते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. आयपी क्रमांक ही सर्व जगाची सामायिक मालमत्ता आहे. जुन्या पद्धतीचे क्रमांक मोजकेच, सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. अशा मालमत्तेतला एक तुकडा जी संस्था आपल्या ताब्यात घेते, तिने त्याच दिवशी उलट्या नोंदीचा अर्ज करावा, आणि तो करणाऱ्या माणसाचे नाव कार्यालयातील फलकावर लिहावे. सर्व्हर बदलला की नोंद बदलावी. हे काम सवडीने करण्याचे नाही. ज्या दिवशी एखादे पत्र परत येते त्या दिवशी ते पत्र कोणाचे होते, हे आपल्याला आधी कधीच माहीत नसते.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या संगणकावर 'एनएसलुकअप' ही आज्ञा देऊन मुलांना एखाद्या नावाचा क्रमांक काढू द्या आणि मग तोच क्रमांक देऊन नाव काढू द्या. पुष्कळदा दुसरे उत्तर पहिल्या नावाहून निराळे येईल, कधी येणारच नाही. ते असे का, यावर वर्गात चर्चा होऊ द्या. आपल्या शाळेच्या पत्रांचा सर्व्हर कोणता, त्याच्या क्रमांकाला नाव आहे काय, हेही मुलांनाच शोधू द्या. नसेल तर कार्यालयाला तसा लेखी अर्ज मुलांनीच द्यावा.

आमच्या महाविद्यालयातील उलटी नोंद आता दोन्ही सर्व्हरांवर आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी ती तपासतात आणि वहीत सही करतात. ती पद्धत सुरू झाली तेव्हा पहिली सही करायला ती शिष्यवृत्ती गमावलेली मुलगी आली होती. तिने सही करण्यापूर्वी क्रमांक दोन वेळा तपासला. मी तिला घाई केली नाही.