बिनदुधाचा चहा ही शिक्षा नव्हे

दूध पचत नाही असे निदान झाले की रुग्णाचा पहिला प्रश्न कॅल्शियमचा नसतो, ‘मग चहाचे काय?’ हा असतो. तो हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे यजमानाचा जवळजवळ अपमानच. म्हणून गणपतीत माणसे चार घरी ‘अर्धाच द्या’ म्हणत पितात आणि रात्री पोटातली गुडगुड, गॅस, जुलाब सोसतात. लहान आतड्यातले लॅक्टेज वयानुसार कमी झाले, की न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात आंबते. चमचा-दोन चमचे दूध अनेकांना सोसते. काहींना तेवढेही नाही.

अशांनी कोरा चहा नाक मुरडत गिळण्याचे कारण नाही. परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाची चार पाती, ठेचलेले आले, किंचित गूळ (मधुमेह असेल तर तोही नको) आणि पाच मिनिटे उकळी. चहापत्ती नाही, त्यामुळे कॅफिन नाही, रात्रीही चालतो. फक्त त्याला ‘काढा’ म्हणू नये, पिणाऱ्याच्या कपाळाला लगेच आठी पडते. चरबी वितळवण्याचे दावेही सोडून द्यावेत. चव छान आहे, एवढे पुरे.

दुधातले कॅल्शियम मात्र या कपात नाही. ते नाचणीत भरपूर आहे, 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम. दही-ताकही बहुतेकांना पचते. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तेही टाळावे. आणि वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर दुधाला दोष देत घरी बसू नये, तपासणी करून घ्यावी.