आजीला कुणी विचारलं?

आमच्या सी-विंगमध्ये मुलांना रडायची परवानगी फक्त तीन प्रसंगी आहे. केटी लागली तर, भारत फायनल हरला तर, आणि मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दुधीभोपळा निघाला तर! मी मात्र चौथ्याच कारणासाठी पकडला गेलो. पीएल चालू होती, रात्रीचे अडीच वाजले होते, मांडीवर फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक उघडं होतं आणि लॅपटॉपवर एका अमेरिकन फॅमिली सिरियलचा शेवटचा सीझन संपत आला होता. रूममेट उठला, दिवा लावला आणि म्हणाला, "काय रे, घरी सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "डोळ्यात काहीतरी गेलंय." तो परत झोपला. खरं सांगायचं तर घरी सगळं ठीक नव्हतंच, आणि म्हणूनच हा लेख.

आधी दोन गोष्टी कबूल करतो. एक, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी बोलतो भरपूर, वाचतो कमी आणि लिहितो त्याहून कमी. र्‍हस्व-दीर्घाचे घोळ दिसले तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नाही. दोन, या लेखात सिरियलचा शेवट फोडलेला आहे. ज्यांना ती बघायची आहे त्यांनी सरळ पुढच्या पानावरच्या कवितांकडे वळावं.

सिरियलचं नाव 'धिस इज अस'. एनबीसी वाहिनीवर २० सप्टेंबर २०१६ ला ती सुरू झाली आणि सहा सीझन, १०६ भागांनंतर २४ मे २०२२ ला संपली. पिट्सबर्गमधल्या पिअर्सन कुटुंबाची ही गोष्ट. जॅक आणि रिबेका हे नवरा-बायको. त्यांना तिळं होणार असतं, त्यातलं एक बाळ जन्मताना जातं. त्याच दिवशी त्याच हॉस्पिटलमध्ये कुणीतरी सोडून दिलेलं एक कृष्णवर्णीय बाळ येतं आणि हे दोघं त्याला घरी नेतात. तो रँडल. बाकीचे दोघे केव्हिन आणि केट. मुलं सतरा वर्षांची असताना घराला आग लागते आणि त्यात बाप जातो. गोष्ट सारखी मागे-पुढे उड्या मारते, त्यामुळे पहिले चार-पाच भाग डोकं गरगरतं. नंतर सवय होते.

मला या सिरियलमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती वेळेवर संपली हे! २०१९ सालीच वाहिनीने पुढच्या तीन सीझनना एकदम मान्यता देऊन टाकली होती. म्हणजे कुठे थांबायचं हे लेखकांना तीन वर्षं आधीपासून माहीत होतं. लहान मुलं भराभर मोठी होतात म्हणून अखेरच्या भागातले काही प्रसंग तर कितीतरी आधीच चित्रित करून ठेवले होते. आपले सर सांगतात ना, प्रोजेक्टचं वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून उलटं मांडा. अगदी तसंच.

आता आपल्याकडे बघा. आमच्या घरी साताऱ्याला संध्याकाळी एकच मालिका चालायची, 'चार दिवस सासूचे'. नाव चार दिवसांचं, पण २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग! मी जन्मलो तेव्हा ती चालू होती आणि मी दुसरीत गेलो तरी चालूच होती. आजीने जवळजवळ एक भाग सोडला नाही. पाणी घालून घालून वाढवलेल्या आमटीसारखी ती मालिका झाली होती असं बाबा म्हणायचे. पण आजीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तिला शेवट नकोच होता.

गंमत अशी की आजीसाठी ती अजूनही संपलेली नाही. संध्याकाळ झाली की ती आईला म्हणते, "अगं, लाव ना, रोहिणीबाई आल्या असतील." आधी आम्ही हसायचो. आता हसत नाही. दोन वर्षांपूर्वी आजी देवळातून परत येताना रस्ता चुकली. मग भाजीत दोनदा मीठ, मग गॅस तसाच चालू. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. आता ती मला काकांच्या नावाने हाक मारते आणि बाबांना कधी कधी तिचा भाऊ समजते.

आणि नेमका 'धिस इज अस'चा सहावा सीझन याच विषयावर आहे. रिबेकाला अल्झायमर झालेला असतो. सगळा सीझन म्हणजे तिचं हळूहळू विसरत जाणं आणि भोवतीच्या माणसांनी ते निभावणं. मँडी मूर नावाच्या नटीने तरुण रिबेकाही केली आहे आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी रिबेकाही. पण मला रडवलं ते त्या अभिनयाने नाही, एका साध्या प्रसंगाने. सातव्या भागात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमलेले असतात. रिबेका अजून बऱ्यापैकी शुद्धीत असते. ती तिन्ही मुलांना समोर बसवते आणि दोन गोष्टी सांगते. पहिली, माझ्या आजारपणामुळे तुम्ही तुमची आयुष्यं लहान करून घ्यायची नाहीत, ते मला चालणार नाही. दुसरी, माझ्याबद्दलचे निर्णय माझा नवरा मिग्वेल घेईल, आणि तो नसेल तेव्हा केट. मुलं गडबडतात, रँडल नाराज होतो, पण ती सांगून मोकळी होते.

हे बघताना मला आमच्या घरातली मागच्या दिवाळीतली बैठक आठवली. भाऊबीजेच्या दुपारी हॉलमध्ये सगळे बसले होते. काका पुण्याहून आलेले, ते म्हणाले, "पैशाची काळजी करू नका, मी पाठवत जाईन." आत्या म्हणाली, "माझ्या सासूबाईंचंच करता करता माझी कंबर गेली." बाबा म्हणाले, "आई कुठेही जाणार नाही, ती इथेच राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय संपला. आई तेव्हा आत चहा करत होती. चहा घेऊन बाहेर आली तोपर्यंत तिच्या पुढच्या दहा वर्षांचा निर्णय होऊन गेला होता. जूनमध्ये तिने अठरा वर्षांची शाळेतली नोकरी सोडली. आणि आजी? ती शेजारच्या खोलीत कॉटवर बसून वाती वळत होती. त्या वेळी तिला आतापेक्षा पुष्कळ कळत होतं. पण तिलाही कुणी विचारलं नाही, "आई, तुला काय हवंय?" मी कुठे होतो? मी तिथेच होतो, सोफ्यावर, मोबाईलवर स्कोअर बघत.

माझं म्हणणं इतकंच आहे. शेवट माहीत असला की उरलेले भाग नीट वापरता येतात. सिरियलच्या लेखकांनी ते केलं आणि त्यांच्या रिबेकानेही केलं. आपण घरात मात्र शेवट नाहीच असं धरून चालतो. कुणी विषय काढलाच तर "असलं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प करतो. मग विचारायची वेळ निघून जाते, आणि ज्याने त्याने सोयीप्रमाणे वाटणी करून घेतल्यावर उरतं ते सगळं घरातल्या एका बाईच्या वाट्याला येतं.

यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण मेसच्या टेबलावर सगळं ऐकून झालंय. पहिलं, "अमेरिकेत काय, म्हातारी झाली की आश्रमात टाकतात." मग सोळावा भाग बघा. त्यात तिन्ही भावंडं आईला कुणी सांभाळायचं यावर बसून बोलतात आणि प्रत्येकाला ती हवी असते! शेवटी जबाबदारी घेतो केव्हिन. सुरुवातीच्या सीझनमध्ये सगळ्यात बेजबाबदार वाटणारा मुलगा. मुलगा, सून नव्हे. हे आपण मुलांनी विशेष लक्षात घेण्यासारखं आहे.

दुसरं, "त्यांच्याकडे पैसा आहे." हे मात्र शंभर टक्के बरोबर. केव्हिन टीव्हीचा स्टार आहे, त्याने आईसाठी अख्खं घर बांधलंय. सिरियल इथे सोपी वाट घेते. आमच्याकडे दोन खोल्या आणि एक हॉल आहे. पण पंधराव्या भागात तीच सिरियल दाखवते की एवढं सगळं असूनही मिग्वेल एकटा करत राहतो, कुणाची मदत नको म्हणतो, स्वतः थकून जातो आणि रिबेकाच्या आधीच जातो. तो भाग मी आईला दाखवणार होतो. मग विचार केला, तिला कशाला? बाबांना दाखवायला हवा.

तिसरं, "असा विषय आपल्याकडे चालणार नाही." हे चूक. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' बघा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेले संस्कृतचे विद्वान केले आहेत, एका हत्तीच्या मागे चालत निघून जाणारे. आणि आजार आपल्याकडे कमी आहे असंही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. आपल्या एका विंगमध्ये साठ मुलं राहतात. प्रत्येकाच्या घरातले आजी-आजोबा मोजले तर हा विषय कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा असणारच.

परीक्षा संपल्यावर मी चार दिवस घरी गेलो. आजी सकाळी जरा बरी असते असं आई म्हणते, म्हणून सकाळी अंगणात तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आजी, तुला काय हवंय गं?" तिने मला काकांच्या नावाने हाक मारली, बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "ती सारखी उभी असते. तिला म्हणावं, बस जरा." एवढंच. पुढे परत वाती. हे उत्तर मला दिवाळीत मिळालं असतं, आणि तेव्हा ती कदाचित याहून जास्त बोलली असती.

मग आईला विचारलं. ती म्हणाली, "आता विचारतोस होय?" आणि हसली. तिला आठवड्यातून दोन दुपारी शिकवण्या घ्यायच्या होत्या, एवढंच हवं होतं. मग मी बाबांशी बोललो आणि काकांना फोन केला. फोन फार गोड झाला नाही. "तू अजून लहान आहेस," हे ऐकून घ्यावं लागलं. आता दोन दुपारी एक मावशी येतात, त्यांचा पगार काका देतात. रविवारी आजीचं सगळं बाबा बघतात. काका-काकू महिन्यातून एकदा यायचे ठरलं होतं. दोनदा आले, एकदा नाही. मी सुट्टीत रात्रपाळी घेतो. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. पीएलची सवय असल्याने ते जमतं.

सिरियलच्या अखेरच्या भागात रिबेकाच्या अंत्यविधीबरोबरच एक जुना शनिवार दाखवलाय. मुलं लहान आहेत आणि घरात काहीच विशेष घडत नाही. जॅक मुलांना दाढी कशी करतात ते शिकवतो, सगळे खेळतात, लोळतात. १०६ भागांच्या शेवटी एक रिकामा शनिवार! आधी वाटलं, हे काय, फसवलं. आता वाटतं, माझ्या आजीचे असे शनिवार अजून थोडे शिल्लक आहेत, आणि मी इथे सबमिशन लिहितोय.

असो. शब्दमर्यादा संपत आली. विंगमधल्या मित्रांनो, आणि हो, सर-मॅडम, तुम्हीसुद्धा, कारण आजी-आजोबांच्या जागी तुमचे आई-वडील असतील... पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा "जेवण झालं का" आणि "पैसे पाठवा" याच्या मध्ये एक प्रश्न जास्त विचारा. जिचं करायचं आहे तिला विचारा, आणि जी करते आहे तिलाही विचारा. उत्तर येईल अशी वेळ आहे तोवर विचारा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी