उसन्या बळाचे तिसरे पाऊल

मनमाड जंक्शन सोडून दौंडच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच वेळात अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्याजवळ येते. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक छत्रपती संभाजीनगरकडे वळतो, तर दुसरा येवला, कोपरगाव करीत दौंड गाठतो. खिडकीबाहेर दिसणाऱ्या या गडाकडे डब्यातील तरुणांपैकी क्वचितच कोणी पाहतो. बहुतेकांच्या माना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झुकलेल्या असतात आणि त्या पडद्यावर अनेकदा दूरच्या एखाद्या ग्रहावरील सत्तासंघर्ष रंगलेला असतो. अंतराळयाने, यंत्रमानव, साम्राज्ये, फितुरी आणि रातोरात बदलणाऱ्या युती. शेजारी बसलेले आजोबा हा सारा प्रकार पाहून निःश्वास सोडतात. आपली मुले परक्या स्वप्नांत हरवली, ही त्यांची खंत असते.

ही खंत प्रामाणिक आहे. मात्र पडद्यावर चाललेली गोष्ट खरोखर परकी आहे काय, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

सध्या तरुणांत लोकप्रिय असलेल्या 'ड्यून' या कथेचेच उदाहरण घेता येईल. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरील चित्रपट २०२१ व २०२४ मध्ये जगभर गाजले. एक सम्राट आपल्या वाढत्या प्रतिष्ठेच्या सरदाराला वाळवंटी ग्रहाची जहागिरी देतो आणि त्याच सरदाराच्या वैऱ्याशी गुप्तपणे हातमिळवणी करतो. घरातला विश्वासू वैद्य फितूर होतो. वडिलांचा घात होतो, मुलगा वाळवंटातील लढवय्यांच्या आश्रयाला जातो, त्यांच्या बळावर सिंहासन मिळवतो. परंतु ज्या शक्तीला त्याने जागे केले, तिला आवरणे पुढे त्याच्याही हाती राहत नाही. यातील यंत्रे आणि ग्रह काढून टाकले, तर उरणारी कथा या मातीला नवी नाही. ती धोडप, येवला आणि कोपरगावच्या परिसरात घडून गेलेली आहे.

पुराणांतील नावे, विज्ञानातील प्रश्न

मराठीत या प्रकारच्या साहित्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव अग्रभागी येते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ नावाच्या वलयावर पारितोषिक घेऊ इच्छित नव्हता, एवढा बोध त्यातून पुरेसा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांना प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. फलज्योतिषासारख्या विषयांवरील त्यांची परखड मते सर्वांनाच रुचत असत असे नाही. पण मतभेद असलेल्यांनीही त्यांच्या कथा मुलांच्या हाती आवर्जून द्याव्यात, इतके त्यांचे मोल आहे.

या बुद्धिवादी शास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकांना दिलेली नावे पाहावीत. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला'. भविष्याबद्दल बोलताना त्यांना शब्द सापडले ते पुराणांत. हा योगायोग म्हणता येत नाही. आपल्याहून सामर्थ्यवान असलेल्याकडून शक्ती घेतली तर पुढे काय होते, या प्रश्नाचा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी करून ठेवला आहे. भस्मासुराची कथा हा त्याचाच आविष्कार. 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून एका अतिप्रगत संस्कृतीचे ज्ञान मानवाच्या हाती लागते आणि त्यातून 'वामन' नावाचा यंत्रमानव साकारतो. ज्ञान आयते मिळालेले असते. त्याच्या मागचा हेतू मात्र पेटीबरोबर आपसूक समजत नाही. हा हेतू कळण्यापूर्वीच माणसाची महत्त्वाकांक्षा पुढे धावते आणि संकट तेथून सुरू होते.

गंगाधरपंतांची खुर्ची

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तर अनेक घरांत परिचित असेल. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठ्यांच्या सैन्याचा धीर खचला, हा इतिहास. कथेत ती गोळी निसटती जाते, मराठे विजयी होतात आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे ईस्ट इंडिया कंपनीला भारत कधीच गिळता आला नाही.

राष्ट्राभिमानी वाचकाला ही कथा वाचताना उचंबळून येते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु अनेकांच्या लक्षात राहते ती फक्त गोळी. त्याच कथेतील दुसरा प्रसंग विस्मरणात जातो. त्या पर्यायी जगात आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंतांना राहवत नाही, ते तडक जाऊन तीत बसतात. त्या जगात अध्यक्षपदाची प्रथाच उरलेली नसते. श्रोते चिडतात, पंत हटून बसतात आणि अखेर त्यांच्यावर वस्तूंचा मारा होतो. विजयी भारत पाहण्याचे भाग्य लाभलेला विद्वान खुर्चीच्या मोहाने तेथून बाहेर फेकला जातो. लेखकाने विनोदाच्या आवरणात ठेवलेले हे निदान फार अचूक आहे. गोळी चुकली असती तरी खुर्चीचा मोह चुकला असता काय?

तीन पावले

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पर्यायी जगात जाण्याची आवश्यकता नाही. मनमाडच्या पश्चिमेला, चांदवड तालुक्यात सातमाळा रांगेतील धोडपचा किल्ला पुरेसा आहे.

रघुनाथराव पेशवे, म्हणजे राघोबादादा, हे सामान्य पुरुष नव्हते. १७५८ मध्ये मराठ्यांची सत्ता अटकेपर्यंत पोहोचविणाऱ्या मोहिमेचे ते नेते होते. पराक्रमाची वाण त्यांच्यात कधीच नव्हती. पानिपतानंतर गादी तरुण माधवरावांकडे गेली आणि काकांची महत्त्वाकांक्षा राज्याच्या दिशेने न वळता राज्याविरुद्ध वळली.

पहिले पाऊल १७६२चे. पुतण्याविरुद्धच्या संघर्षात दादांनी निजामाचे साह्य घेतले आणि त्याला मुलूख देण्याचे मान्य केले. राज्य फुटू नये म्हणून माधवराव स्वतः काकांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी, १७६३ मध्ये, त्याच निजामाच्या फौजेने पुणे लुटले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदातीरी राक्षसभुवन येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि त्यात माधवरावांच्या कर्तृत्वाने काकांसह सर्वांची अब्रू राखली गेली. तरीही दादांची आकांक्षा शमली नाही. १७६८ मध्ये धोडप येथे पुतण्याला त्यांचा पराभव करून त्यांना कैद करावे लागले.

दुसरे पाऊल १७७५चे. माधवरावांचे अकाली निधन झाले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता आणि न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांना दोषी ठरविले होते. बारभाईंनी कोंडीत पकडल्यावर दादा सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ च्या तहाने त्यांनी अडीच हजार सैनिकांच्या साह्याच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. ज्या वसईसाठी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी रक्त सांडले, ती पुढच्या पिढीने सैन्याच्या भाड्यापोटी लिहून दिली. सात वर्षांच्या युद्धानंतर १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. दादांना नेमणूक मिळाली, राज्य मिळाले नाही. १७८३ मध्ये कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला. गोदाकाठचे हे गाव मनमाड-दौंड मार्गावर येवल्याच्या पुढे लागते.

तिसरे पाऊल त्यांच्या पुत्राचे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथेच तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. सोळा वर्षांच्या आत पेशवाई संपली. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज अंकाईच्या पायथ्याशी आली, तेव्हा एवढा बळकट गड प्रतिकाराविना तिच्या स्वाधीन झाला. भिंती शाबूत होत्या, तोफा होत्या. लढायचे कोणासाठी, हा विश्वास उरला नव्हता.

बळीराजाची कथा येथे आठवते. त्यानेही तीन पावले दिली आणि सर्वस्व गमावले. पण आजही दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी त्याचे राज्य यावे अशी प्रार्थना होते. याचे कारण बळीने दिले ते स्वतःचे होते आणि दिल्या शब्दासाठी दिले होते. राघोबादादांनी जे देऊ केले ते त्यांचे नव्हते, राज्याचे होते. त्याग आणि सौदा यांतील अंतर एवढेच असते.

शस्त्र तेच, हात वेगळा

आधुनिक तंत्र म्हणजे अनर्थ, असा निष्कर्ष यातून काढणे मात्र चुकीचे ठरेल. पाश्चात्त्य पद्धतीने कवायत शिकलेले गारदी हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. पानिपतावर इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंच्या बाजूने अखेरपर्यंत लढला आणि अब्दालीच्या हाती सापडल्यावर प्राणांस मुकला. त्याची निष्ठा ढळली नाही. बारा वर्षांनी सुमेरसिंगाच्या नेतृत्वाखालील गारद्यांनी पेशव्यांच्याच वाड्यात पेशव्याचा जीव घेतला. पंथ किंवा शस्त्र पाहून निष्ठेचा अंदाज बांधू पाहणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

युती करणे हेही मूलतः पाप नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी सख्य केले, त्याच्याकडून द्रव्य व तोफांचे साह्य घेतले आणि दक्षिण दिग्विजय साधला. परंतु सैन्य त्यांचे स्वतःचे होते आणि जिंकलेल्या जिंजीवर झेंडाही स्वराज्याचा लागला. पुढे राजाराम महाराजांच्या बिकट काळात त्याच जिंजीने स्वराज्य जगविले. एक युती बळ वाढविण्यासाठी झाली, दुसरी बळाचा अभाव झाकण्यासाठी. पहिलीत मित्र सोबत चालतो, दुसरीत तो मालक होतो.

नव्या पेट्या, नवे तह

हा विचार आजच्या विज्ञानाला तंतोतंत लागू पडतो. १९९१ मध्ये भारताने रशियन संस्थेशी क्रायोजेनिक इंजिनांच्या तंत्रज्ञानासाठी करार केला. अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये तंत्रज्ञान देण्याचे नाकारले गेले आणि तयार इंजिने तेवढी मिळाली. दोन दशकांच्या परिश्रमानंतर, २०१० मधील अपयश पचवून, ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाच्या बळावर 'जीएसएलव्ही'चे उड्डाण यशस्वी झाले. महासंगणकाच्या बाबतीतही असाच नकार वाट्याला आला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' साकारला. नकार देणाऱ्यांनी नकळत उपकारच केले.

आजची पेटी कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. ती उघडण्यास सोपी आहे, बहुधा विनामूल्य आहे आणि मनमाडसारख्या शहरातील विद्यार्थ्यालाही ती क्षणात उत्तरे देते. तिचा उपयोग जरूर करावा. मात्र तिच्यामागची यंत्रणा कोणाची, तीत साठणारी आपली माहिती कोणाकडे जाते आणि उद्या ती बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न विचारणारी पिढीही घडली पाहिजे. ही फौज दारात कायमची बसल्यानंतर कराराचा कागद वाचून उपयोग होत नाही, हे वसईच्या तहाने शिकविले आहे.

म्हणूनच आजोबांनी नातवाच्या हातून पडदा हिसकावून घेऊ नये. त्याच्या शेजारी बसून ती अंतराळकथा पाहावी आणि तीनच प्रश्न विचारावेत. ही महत्त्वाकांक्षा कोणासाठी आहे? बळ कोणाचे आहे? किंमत कोण चुकवणार आहे? मग एखाद्या रविवारी त्याला धोडपवर न्यावे, परतताना नारळीकरांचे एखादे पुस्तक त्याच्या हाती ठेवावे. कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांतही पानिपताच्या गोळीइतकाच वेळ सुरतेच्या कागदाला मिळावा. पराभवाचे खापर परक्यावर फोडणे सोपे असते. आपल्या घरातील, आपल्या संघटनेतील खुर्चीचा मोह ओळखणे कठीण असते.

अंकाईपासून थोड्याच अंतरावर येवला आहे, तात्या टोपे यांचे जन्मगाव. १८५९ मध्ये ज्याच्यावर त्यांनी विश्वास टाकला त्या मानसिंगाने इंग्रजांकडून अभय मिळविण्यासाठी त्यांना पकडून दिले आणि १८ एप्रिल रोजी शिवपुरी येथे तात्या फासावर गेले. येवला आणि कोपरगाव ही एकाच लोहमार्गावरील दोन स्थानके. एकाशी जोडलेला पुरुष विश्वासघाताने मारला गेला आणि अमर झाला. दुसऱ्या ठिकाणी अंत झालेला पुरुष शूर असूनही आपल्याच आकांक्षेने हरला. मनमाडहून निघणारी गाडी रोज या दोन्ही गावांवरून जाते. डब्यातील तरुणाने क्षणभर मान वर करून ती स्थानके ओळखली, तर पडद्यावरील दूरच्या ग्रहाची गोष्टही त्याला नीट समजेल.