गुण देणारा आणि गाऱ्हाणे ऐकणारा

शासकीय नोकरीतील वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे आपला 'सी.आर.', अनेक वर्षे खरोखरच गोपनीय असे. फक्त प्रतिकूल शेरा संबंधितास कळवायचा, अशी रीत होती. सीमा रस्ते खात्यातील अभियंता देवदत्त यांना एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीसाठी मात्र 'अतिशय चांगला' हवा होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून कळवला गेला नाही, आणि बढती हुकली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात निकाल दिला की, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, आणि त्यावरील निवेदनाचा निर्णय शेरा देणाऱ्याने नव्हे तर त्याच्या वरिष्ठाने केला पाहिजे. पुढे २००९ मध्ये कार्मिक विभागाने संपूर्ण अहवाल दाखवण्याची आणि निवेदनासाठी १५ दिवसांची तरतूद केली.

प्रशासनाला हे उमगायला इतकी वर्षे लागली. चिकित्सा-मानसशास्त्राच्या, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणात हीच कसोटी अधिक कठोरपणे लावायला हवी, असे माझे मत आहे. दिल्लीत शाहदऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयाचे रूपांतर होऊन १९९३ मध्ये 'इहबास' उभी राहिली. अशा संस्थांत महाराष्ट्रातूनही मुले-मुली शिकायला येतात. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले दोन वर्षांचे एम.फिल. हा या व्यवसायाचा अनेक वर्षे मुख्य दरवाजा होता. २०२२ च्या नियमांनी यूजीसीने एम.फिल. बंद केले, या विषयाला काही वर्षांची सवलत मिळाली. पदवीचे नाव काहीही असो, शिकण्याची रीत तीच: रुग्ण तपासायचा, टिपण लिहायचे आणि पर्यवेक्षकासमोर बसून त्यावर चर्चा करायची.

येथेच खरी अडचण आहे. 'त्या रुग्णापुढे मी गोंधळले, मला त्याचा राग आला', हे प्रशिक्षणार्थीने पर्यवेक्षकाला मोकळेपणाने सांगावे, ही या विद्येची गरजच आहे. पण तोच पर्यवेक्षक वर्षाअखेर गुण देणार असेल, आणि गुणांविषयीची तक्रारही त्याच्याकडेच जाणार असेल, तर शहाणा प्रशिक्षणार्थी गप्प बसतो. त्या मौनाची किंमत रुग्ण मोजतो.

तोंडी परीक्षेचा प्रश्न तर आणखी नाजूक. एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ मधील तिच्या अहवालात तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांतील पक्षपाताच्या तक्रारी ठळकपणे आल्या. लेखी परीक्षेत निदान उत्तरपत्रिका उरते. तोंडी परीक्षेत काहीच उरत नाही. नोंद नसेल तर तक्रार सिद्ध करता येत नाही, आणि प्रामाणिक परीक्षकालाही आपला बचाव करता येत नाही.

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आणला. समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा, ही मुदत चांगली आहे. पण विद्यापीठाच्या चौकटीबाहेर एखादे खाजगी रुग्णालय स्वतःची फेलोशिप चालवत असेल, तर तेथे हे नियम आपोआप पोहोचत नाहीत. गुडगाव-नोएडाच्या बाजूला अशी रुग्णालये वाढत असताना ही उणीव डोळ्यांआड करता येणार नाही.

उपाय साधे आहेत. कशाचे मूल्यमापन होणार, ते पहिल्याच दिवशी लेखी द्यावे. दर तीन महिन्यांनी लेखी शेरा द्यावा व त्याखाली प्रशिक्षणार्थीचे म्हणणे त्याच्याच हस्ताक्षरात घ्यावे. पर्यवेक्षणात सांगितलेली चूक शिकण्याची सामग्री मानावी. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक असावा आणि प्रश्नांची नोंद राहावी. तक्रार मात्र दुसऱ्या विभागाच्या व्यक्तीने, ठरलेल्या मुदतीत, कारणे देऊन निकालात काढावी.

याचा अर्थ सर्वांना उत्तीर्ण करावे असा नव्हे. अपात्र व्यक्तीच्या हाती दुखावलेले मन सोपवणे हाही अन्यायच आहे. उलट, ज्या संस्थेच्या नोंदी चोख आहेत, तिलाच 'तू अजून तयार नाहीस' हे निर्भयपणे सांगता येते. ज्याला हे ऐकावे लागते, त्यालाही निदान आपण कोठे कमी पडलो हे कळते.