चित्र काढता येते, पाहता येत नाही

न्यूयॉर्क येथील 'ख्रिस्तीज'च्या लिलावात मार्च २०२५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला ६७ कोटींहून अधिक किंमत मिळाली. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, गायतोंडे यांचा नागपूरचा आणि त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातले. साहजिकच या आकड्यांची मराठी घरांत चर्चा झाली. चित्रांविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही. १९५४ सालच्या 'ग्रामयात्रे'त खेड्यातील जगण्याच्या तेरा चौकटी आहेत आणि त्यांतील शेतकऱ्याचा हात शेजारच्या, शेतजमिनीच्या चौकटीत शिरतो. तो तसा का शिरतो, हा प्रश्न महाविद्यालयीन तरुणांना पडला नसेल तर दोष त्यांचा नाही. चित्राला प्रश्न विचारायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

हे महाराष्ट्रात घडावे याचे विशेष वाटते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना राज्यात मोठी परंपरा आहे. दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचे लक्षही त्यांच्याकडे अधिक गेले. स्मरणचित्र, संकल्पचित्र, वस्तूंचे रेखाटन, भूमिती आणि अक्षरलेखन असे या परीक्षांचे परिचित स्वरूप. त्यातून हाताला वळण लागते, हे निश्चित. परंतु विद्यार्थ्याने आजवर दुसऱ्या कोणाचे एखादे चित्र नीट पाहिले आहे काय, याची चौकशी तेथे होत नाही. भाषेच्या शिक्षणात मुलांकडून निबंध लिहून घ्यावेत पण कविता कधीच वाचायला देऊ नये, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

वारली चित्रांचे उदाहरण घ्यावे. त्रिकोणी अंगांची ती माणसे शाळांच्या भिंतींवर, कुर्त्यांवर, भेटकार्डांवर सर्वत्र दिसतात आणि मुले ती सहज काढतात. मात्र, लग्नप्रसंगी सुवासिनी घराच्या भिंतीवर जो चौक लिहितात त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि त्या चौकावाचून लग्नविधी पुरा होत नाही, हे ठाऊक असणारी मुले किती निघतील? जिव्या सोमा मशे यांनी हे चित्रण कागदावर आणि पुढे जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढी माहिती मिळाली तरी मुलांच्या लेखी ते 'डिझाइन' राहत नाही. त्यामागे माणसे आहेत, हे त्यांना कळते.

धोरणाच्या पातळीवर अनुकूल शब्दांची उणीव नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांतील भिंत काढून टाकण्याची भाषा केली. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र स्थान दिले आणि २०२४ मध्ये 'एनसीईआरटी'चे सहावीसाठी 'कृति' हे कलेचे पाठ्यपुस्तकही आले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण २०१५ पासून होणाऱ्या 'कला उत्सवा'सारख्या उपक्रमांचा रोख पाहिला, तर कलेकडे स्पर्धा म्हणून पाहण्याची सवय किती मुरली आहे, हे लक्षात येते. शिवाय चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो, याची आता कोणाला खंतही वाटेनाशी झाली आहे.

मुळात रसग्रहण शिकवायचे म्हणजे काय करायचे? हार्वर्ड विद्यापीठातील कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच कलाकृतीसमोर तीन तास बसायला सांगतात. कॉप्ली या चित्रकाराने रंगवलेल्या, खार पाळलेल्या मुलाच्या चित्रात त्या मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरील केसांच्या आकाराशी जुळतो, हे दिसायला स्वतः रॉबर्ट्स यांना नऊ मिनिटे लागली होती. आपल्याकडील शाळांच्या सहलीत एवढ्या वेळात दोन दालने उरकतात. तीही सहलीची बस वॉटर पार्ककडे न जाता संग्रहालयाकडे वळलीच तर!

तीन तास नकोत, वीस मिनिटे पुरेत. त्यासाठी दर वेळी तिकीट काढण्याचीही गरज नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील शिल्पपट जॉन लॉकवुड किपलिंग यांचे आहेत. ते जवळच्याच ज. जी. कला महाविद्यालयात शिकवत आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील कोरीवकामात त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. रोज लाखो प्रवासी त्याखालून जातात. जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य असतो आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः तेथे बसलेला असतो. साताऱ्याजवळच्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूर यांचे मायलेकरांचे शिल्प आहे. पण यमाईच्या दर्शनाला येणाऱ्या किती शालेय सहली ते पाहण्यासाठी थांबतात, हा प्रश्नच आहे.

नुसत्या पाहण्याने सारे साधते असे नाही. तेथे इतिहासाची गरज लागते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहताना त्याच्या भोवतीच्या आकृती एवढ्या लहान का, हे बोधिसत्त्वाची कल्पना समजल्याशिवाय उलगडत नाही. ही चित्रे जपण्यासाठी किती कष्ट पडले, तेही सांगावे लागते. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली ज. जी. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षे खपून या चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांपैकी बऱ्याचशा लंडनमधील आगीत जळाल्या. १८१९ मध्ये लेणी पाहणाऱ्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव कोरले होते. त्याच्या देशी अनुयायांची नावे आजही किल्ल्या-किल्ल्यांवर वाचायला मिळतात.

२०२५ मध्ये संगणकाकडून 'जिब्ली'च्या धर्तीवर स्वतःची छायाचित्रे रंगवून घेण्याची लाट आली, तेव्हा तरुणांनी ती हौसेने वापरली. त्या शैलीमागे हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हाताने रेखाटलेली हजारो चित्रे आहेत, हे त्यांतील अनेकांच्या गावीही नव्हते. ज्या पिढीला कोणतेही चित्र क्षणात करून मिळते, तिला चित्र निवडता आणि पारखता येणे अधिकच गरजेचे आहे. रेखाकला परीक्षेत एखाद्या चित्राची चांगली छापील प्रत देऊन 'यात काय दिसते ते दहा ओळींत लिहा' एवढा एक प्रश्न घालता येईल. त्याचे उत्तर तपासताना मात्र ठरावीक मुद्दे जुळतात का, हे पाहून चालणार नाही. त्यासाठी आधी शिक्षकांना संग्रहालयात न्यावे लागेल आणि शाळेच्या वेळापत्रकात तो दिवस त्यांच्या रजेतून वजा करता कामा नये.